‘हे घोडे नव्हेत’ : डेबोरा बटरफील्ड यांच्या अश्वशिल्पांतील सादृश्य आणि माध्यम

प्रास्ताविक

अमेरिकन शिल्पकार डेबोरा बटरफील्ड यांच्या शिल्पांचे एक महत्त्वाचे प्रदर्शन ऑक्टोबर २०२३ ते जून २०२४ या काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील मॅनेटी श्रेम कलासंग्रहालयात भरले होते. सुमारे पन्नास वर्षे बटरफील्ड यांनी जवळजवळ एकच विषय हाताळला आहे, तो म्हणजे घोडा. असे असताना या प्रदर्शनाचे शीर्षक मात्र ‘पी. एस. दीज आर नॉट हॉर्सेस’ असे होते. मराठीत सांगायचे तर, ‘ता. क. हे घोडे नव्हेत’. ताजा कलम हा पत्र संपल्यावर, सही झाल्यावर लिहिला जातो. पुष्कळदा पत्रातील खरी गोष्ट तेथेच येते. दालनात शिरणाऱ्या प्रेक्षकाला समोर घोडेच दिसतात. मान खाली घातलेले, एका पायावर भार देऊन स्वस्थ उभे असलेले, क्वचित जमिनीवर बसलेले. आणि शिल्पकार म्हणते, हे घोडे नव्हेत.

हा नकार कितपत खरा मानावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मात्र या शिल्पांत आणखी एक नकार आहे आणि तो कोणत्याही शीर्षकात लिहिलेला नाही. बटरफील्ड यांची गेल्या काही दशकांतील बहुसंख्य शिल्पे लाकडाची दिसतात, प्रत्यक्षात ती ब्राँझची आहेत. म्हणजे जे घोड्यासारखे दिसते त्याला घोडा म्हणू नका असे उघडपणे सांगितले जाते, आणि जे लाकडासारखे दिसते ते लाकूड नाही हे प्रेक्षकाने स्वतः शोधावयाचे असते. या दोन नकारांची किंमत सारखी नाही. पहिला कलेच्या स्वरूपासंबंधी आहे, दुसरा निसर्गाशी असलेल्या तिच्या व्यवहारासंबंधी. ‘निसर्गापासून प्रेरणा घेतलेली शिल्पे’ हे वर्णन अशा प्रदर्शनांच्या संदर्भात फार सहजपणे वापरले जाते. ते येथे कोणत्या अर्थाने लागू पडते, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

स्वाराविना घोडा

बटरफील्ड यांचा जन्म १९४९ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे झाला. ज्या डेव्हिस येथे हे प्रदर्शन भरले तेथेच त्यांचे शिक्षण झाले आणि १९७३ साली त्यांनी ललित कलेतील पदव्युत्तर पदवी घेतली. रॉबर्ट आर्नेसन, मॅन्युएल नेरी, विल्यम वायली यांसारखे कलावंत त्या काळी तेथे शिकवीत होते. डेव्हिस हे पशुवैद्यकीय शिक्षणासाठीही ख्यातनाम आहे आणि बटरफील्ड यांनी एके काळी पशुवैद्य होण्याचा विचार केला होता. पुढे त्या मोंटाना राज्यात स्थायिक झाल्या. घोडे पाळणे आणि ‘ड्रेसाज’ या शिस्तबद्ध अश्वारोहणाचा सराव करणे हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग राहिला आहे. या प्रकारात स्वार आपल्या शरीराच्या अगदी सूक्ष्म हालचालींतून घोड्याशी बोलतो. चरित्रातील हा तपशील येथे नोंदवण्याचे कारण एवढेच की, घोड्याचा भार कोणत्या खुरावर आहे, मान कोठून वळते, पाठ कोठे सैल पडते, हे ज्ञान या शिल्पांत डोळ्यांपेक्षा शरीराच्या मार्गाने आलेले आहे.

१९७०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी पोलादी सांगाड्यावर प्लास्टरच्या पूर्णाकृती घोड्या घडवल्या. घोडे नव्हे, घोड्या. हा लिंगभेद महत्त्वाचा आहे. व्हिएतनाम युद्धाची छाया अमेरिकेवर असतानाचा तो काळ होता. पाश्चात्त्य शिल्पपरंपरेतील घोडा हा प्रामुख्याने रणांगणावरचा, नर, उधळलेला आणि पाठीवर सेनापती असलेला आहे. त्याऐवजी शांत उभी असलेली घोडी घडवणे हा युद्धाच्या प्रतिमेला दिलेला प्रतिसाद होता, आणि या घोड्या एका अर्थाने आपलीच व्यक्तिचित्रे होती, असे बटरफील्ड यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. ‘हे घोडे नव्हेत’ या विधानाचा एक उगम येथे सापडतो.

मराठी वाचकाला या मुद्द्याचे मर्म समजण्यासाठी दूर जावे लागणार नाही. मुंबईच्या ‘काळा घोडा’ या परिसराचे नाव ज्या पुतळ्यावरून पडले तो वस्तुतः घोड्याचा पुतळा नव्हता. तो प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा होता. आल्बर्ट ससून यांनी तो जोसेफ एडगर बोहम या शिल्पकाराकडून करवून घेतला आणि १८७९ साली तो उभा राहिला. १९६५ साली तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवण्यात आला. राजपुत्र गेला, नाव मात्र घोड्याचे राहिले, किंबहुना लोकांनी ते पहिल्यापासून घोड्यालाच दिलेले होते. २०१७ साली त्या परिसरात पुन्हा एक काळा घोडा उभारला गेला आणि या वेळी त्याच्या पाठीवर कोणी नाही. लोकांच्या नजरेने फार पूर्वी केलेली निवड अशा रीतीने शिल्पात उतरली. तरीही तो घोडा चबुतऱ्यावरच आहे. स्वार उतरला तरी स्मारकाची भाषा उरली. बटरफील्ड यांचे घोडे संग्रहालयाच्या फरशीवर, प्रेक्षक उभा असतो त्याच पातळीवर उभे असतात. चबुतरा काढून टाकणे ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. त्यामुळे पाहणाऱ्याला वर मान करून आदर दाखवण्याची सोय राहत नाही, जनावराशेजारी उभे राहावे तसे उभे राहावे लागते.

चिखल, भंगार, लाकूड

प्लास्टरनंतर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी चिखल आणि काटक्या यांपासून घोडे घडवण्यास सुरुवात केली. आकार आणि आशय यांची सांगड या टप्प्यात प्रथम पक्की बसली. नदीच्या पुरानंतर काठावर गाळ, फांद्या, गवत यांचा जो गुंता साचतो तसा या घोड्यांचा देह आहे. त्यांपैकी काही जमिनीवर बसलेले आहेत. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेऊ शकतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते आणि आजूबाजूस धोका नाही अशी खात्री असल्याखेरीज तो आडवा होत नाही. पळ काढणे हेच ज्याचे संरक्षण त्या प्राण्याने जमिनीला टेकणे म्हणजे विश्वास टाकणे होय. चिखलाचा बसलेला घोडा जमिनीतून वर येतो आहे की जमिनीत मिसळतो आहे हे ठरवता येत नाही, आणि तसे ठरवता न येणे हेच त्याचे सामर्थ्य आहे.

त्यानंतर भंगाराचे घोडे आले. चेपलेले पत्रे, गंजलेले पाइप, काटेरी तारा, रंग उडालेले यंत्रांचे भाग. येथे शिल्पकाराची कसोटी निराळी असते. मातीला हवा तो आकार देता येतो. चेपलेल्या पत्र्याला त्याचा आकार आधीच मिळालेला असतो, आणि तो आकार घोड्याच्या कोणत्या अवयवाशी जुळतो हे ओळखणे एवढेच हाती राहते. या टप्प्यातील चांगल्या शिल्पांत पत्र्याची घडी ही पत्र्याची घडीच राहते आणि त्याच क्षणी ती मानेचा वळसा होते. दोहोंपैकी एकही दुसऱ्यात विरून जात नाही.

१९८०च्या दशकापासून त्या वाहून आलेल्या लाकडाकडे आणि वाळलेल्या फांद्यांकडे वळल्या, आणि त्यासोबत ब्राँझकडे. मिनिआपोलिस येथील वॉकर आर्ट सेंटरच्या शिल्पोद्यानातील ‘वुड्रो’ (१९८८) हे या पद्धतीचे एक प्रसिद्ध उदाहरण होय. सुमारे अडीच मीटर उंचीच्या या घोड्याचे पाय म्हणजे चार जाड, किंचित वाकलेल्या फांद्या. घोड्याच्या पायांत स्नायुबंध व अस्थिबंध यांची अशी रचना असते की, स्नायूंना फारसे श्रम न देता तो तासन् तास उभा राहू शकतो. झाडाची फांदीही भार अशाच निवांतपणे पेलत असते. ‘वुड्रो’चे पाय घोड्याच्या पायांसारखे ‘दिसतात’ याला फारसे महत्त्व नाही. ते तसे उभे राहतात, हे महत्त्वाचे. डोळे, आयाळीचे केस, खुरांची कड यांपैकी काही दाखवलेले नाही. धड तर पोकळच आहे. फांद्यांच्या जाळीतून पलीकडची हिरवळ दिसते आणि तरीही तेथे श्वासाने फुगलेली बरगडी असल्याचा भास होतो. (नावातही लाकडाचा इंग्रजी शब्द दडलेला आहे. हा विनोद जाणूनबुजून केलेला असो वा नसो, ब्राँझच्या शिल्पाला तो शोभून दिसतो.)

जळणारी फांदी

बटरफील्ड यांच्या ब्राँझ शिल्पांची निर्मितिप्रक्रिया बारकाईने पाहिल्याशिवाय त्यांच्याविषयीचा कोणताही अभिप्राय पूर्ण होऊ शकत नाही. प्रथम सांगाड्यावर खऱ्या फांद्या रचून, तारांनी बांधून संपूर्ण घोडा उभा केला जातो. या रचनेस बराच काळ लागतो, एकेक फांदी काढून दुसरी लावून पाहिली जाते. रचना मनासारखी झाली की, तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतात आणि ती सोडवतात. वॉशिंग्टन राज्यातील वॉला वॉला येथील ओतशाळेत प्रत्येक फांदीवर उष्णतेस टिकणाऱ्या द्रावाचे थर चढवून कवच तयार केले जाते. हे कवच भट्टीत घातले की, आतील फांदी जळून तिची राख होते. राख साफ करून त्या पोकळीत ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला ब्राँझचा रस ओततात. थंड झाल्यावर कवच फोडले की धातूची फांदी हाती येते. सालीवरची भेग, किड्याने पाडलेले छिद्र, वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेली बाजू, सारे जसेच्या तसे. मग छायाचित्रांच्या आधारे या धातूच्या फांद्या वेल्डिंगने पुन्हा जोडल्या जातात. जोडताना रचनेत बदलही होतात. शेवटी रसायने आणि उष्णता यांच्या साहाय्याने पृष्ठभागाला वाळलेल्या लाकडाचा करडा, पांढुरका रंग दिला जातो.

ओतकामाची ही मूळ कल्पना भारतीय वाचकास अपरिचित नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मधूच्छिष्टविधानाचे, म्हणजे मेणाची प्रतिमा करून, तिच्यावर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून काढून त्या जागी धातू ओतण्याच्या पद्धतीचे वर्णन आलेले आहे. परंतु एक भेद महत्त्वाचा आहे. मेण हे प्रतिमेसाठी घडवलेले असते आणि वितळून बाहेर आलेले मेण पुन्हा वापरता येते. फांदी कोणी घडवलेली नसते. ती वाढलेली असते आणि एकदा जळाली की गेली. मूळच नाहीसे होत असल्यामुळे या घोड्यांच्या प्रती निघत नाहीत. एरवी ब्राँझच्या शिल्पांना प्रतिकृतींच्या मालिकेची जी व्यापारी सोय उपलब्ध असते ती येथे नाही.

आता प्रश्न असा की, निसर्गातील वस्तू जाळून तिची हुबेहूब धातुप्रतिमा टिकवणे याला निसर्गप्रेम म्हणावे काय? स्तुतीच्या भरात हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. विचारला गेला तरी ‘नश्वराला चिरंतन रूप दिले’ असे ठरावीक उत्तर दिले जाते. ते उत्तर अपुरे आहे. नदीकाठचे लाकूड नश्वर असते म्हणूनच ते नदीकाठचे असते. कुजणे, भुसभुशीत होणे, बुरशी धरणे हे त्याच्या असण्याचेच भाग होत. ब्राँझमध्ये त्याची अखेरची अवस्था गोठते आणि पुढचा प्रवास थांबतो. चिखलाच्या घोड्यांना जे आपोआप साधले होते, म्हणजे देह आणि माती यांच्यामधली सीमा पुसट ठेवणे, ते ब्राँझच्या घोड्यांना कायमचे दुरावले आहे, हे मान्य करावे लागेल. खाजगी संग्राहकांच्या हिरवळीवर आणि कार्यालयांच्या प्रांगणात ही शिल्पे इतक्या सहजपणे सामावली जातात, याचेही एक कारण या टिकाऊपणात आहे. ती पावसाला, उन्हाला आणि मालकालाही त्रास देत नाहीत.

असे असूनही हा आक्षेप शेवटपर्यंत ताणता येत नाही. याचे कारण प्रेक्षकाच्या अनुभवात आहे. संग्रहालयात शिल्पास हात लावण्याची मुभा नसते. डोळ्यांना दिसते ते लाकूड. शेजारच्या पाटीवर लिहिलेले असते, ब्राँझ. ती पाटी वाचून प्रेक्षक पुन्हा शिल्पाकडे वळतो तेव्हा त्याच्या नजरेत जो बदल होतो तो या कलाकृतीचाच एक भाग होय. हलके, वाऱ्याने उडेल असे वाटणारे ते जाळे एकाएकी शेकडो किलो वजनाचे होते. आणि मग ध्यानी येते की, या प्रत्येक फांदीच्या आत काही काळ केवळ पोकळी होती. जळून गेलेल्या वस्तूचा इतका नेमका आकार धारण करणारी पोकळी. घोड्याच्या धडातील उघडी पोकळी सर्वांना दिसते. ही दुसरी पोकळी धातूने भरून गेलेली असल्यामुळे दिसत नाही, ती जाणावी लागते. हे भान ज्या शिल्पांत जागे होते ती श्रेष्ठ ठरतात. जेथे लाकडाच्या भासाचे कौतुक एवढेच उरते तेथे ती कौशल्याच्या पातळीवर थांबतात, आणि इतक्या दीर्घ कारकिर्दीत अशी शिल्पेही कमी नाहीत.

सादृश्याचा प्रश्न

शीर्षकातील नकाराकडे आता परत येता येईल. बा. सी. मर्ढेकर यांच्या सौंदर्यविचारात कलाकृतीतील संवेदनांचे परस्परसंबंध, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी बांधलेली लय, हेच सौंदर्याचे गमक मानले आहे. मर्ढेकरांच्या या भूमिकेवरून पाहिल्यास बटरफील्ड यांचे विधान शब्दशः स्वीकारता येते. फांद्यांच्या दिशांचा संवाद, जाड खोड व बारीक डहाळी यांचा विरोध, पुढे झुकलेली मान आणि मागे सरलेले वजन यांचा समतोल एवढेच या शिल्पांत आहे, घोडा हे केवळ निमित्त आहे, असे म्हणता येईल. परंतु मग पन्नास वर्षे हेच निमित्त का? उंट का नाही, नुसता ढिगारा का नाही? घोडा वजा केला तर या रचनांतील समतोल केवळ भौमितिक उरतो. भार एका मागच्या पायावरून दुसऱ्यावर सरकवून उभ्या असलेल्या जनावराची शांतता त्यातून निघून जाते. याच्या उलट, निव्वळ लौकिक दृष्टीने पाहणारा प्रेक्षक ‘किती खराखुरा घोडा!’ एवढेच म्हणून पुढे जातो, आणि ज्या देहाला डोळे नाहीत, कातडी नाही, आतडी नाहीत तो आपल्याला खराखुरा का वाटला, हे विचारायचे राहून जाते.

रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात कलेच्या संकल्पनेची द्विध्रुवात्मकता मांडली आहे. कलाकृतीचा एक ध्रुव लौकिकतावादी तर दुसरा अलौकिकतावादी असतो, आणि त्यांपैकी कोणताही एक वगळून कलेचा उलगडा होत नाही. बटरफील्ड यांची शिल्पे या मांडणीचे जणू प्रात्यक्षिक वाटावीत. त्यांच्यापुढे उभे असताना नजर सतत या ध्रुवावरून त्या ध्रुवावर जाते. दुरून घोडा, जवळून फांद्या, आणखी जवळून वेल्डिंगचा सांधा, मागे सरले की पुन्हा घोडा. शिल्पकाराने मात्र शीर्षकात एकाच ध्रुवाची बाजू घेतली आहे. त्याच वेळी तिने आपल्या शिल्पांना ‘वुड्रो’, ‘मोनेकाना’ अशी नावे दिली आहेत, तबेल्यातल्या घोड्यांना द्यावीत तशी. ज्याला हाक मारता येते असे नाव आपण निव्वळ रचनेला देत नाही. तेव्हा ताजा कलमातील विधान हे सत्यकथन म्हणून वाचण्यापेक्षा प्रेक्षकाला दिलेली सूचना म्हणून वाचणे इष्ट. घोडा दिसला म्हणजे पाहणे संपले असे समजू नये, एवढाच तिचा अर्थ.

कामसूत्राच्या ‘जयमंगला’ या टीकेत यशोधराने सांगितलेल्या चित्राच्या षडंगांत सादृश्य हे एक अंग आहे, आणि ते रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना यांच्यानंतर येते. सादृश्याला कलेत स्थान आहे, पण ते पहिले नाही. बटरफील्ड यांच्या शिल्पांत ते कदाचित याच क्रमाने येते. आधी उभे राहण्याचा भाव, मग घोडा.

तीन दुःखे

या साऱ्या विवेचनाला छेद देणारे एक शिल्प आहे आणि त्यामुळेच त्याचा स्वतंत्र विचार आवश्यक ठरतो. ‘थ्री सॉरोज’, म्हणजे तीन दुःखे, हे २०१६ सालचे शिल्प. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, त्यामागोमाग त्सुनामी आली आणि फुकुशिमा येथील अणुभट्ट्यांना अपघात झाला. भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टीचे वितळणे ही ती तीन दुःखे. त्सुनामीने समुद्रात ओढून नेलेला जपानमधील सामानसुमानाचा काही भाग पॅसिफिक महासागर ओलांडून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यास लागला. अलास्कातील गोअर पॉइंट या निर्जन टोकावर समुद्राने आणून टाकलेला कचरा बटरफील्ड यांनी या घोड्यासाठी वापरला आहे.

येथे वाहून आलेले प्लॅस्टिक आहे, आणि त्यामुळे शिल्पाची भाषाच बदलते. ‘वुड्रो’च्या करड्या फांद्यांत जी विश्रांती आहे ती येथे मिळत नाही. रंग भडक आहेत, एकमेकांशी फटकून आहेत. लय म्हणून जे काही आहे ते समुद्रकिनाऱ्यावरच्या उकिरड्याचे. पण उभे राहणे तेच, तीच झुकलेली मान. कोणाच्या तरी घरातली, कोणाच्या तरी बंदरातली वस्तू हजारो किलोमीटर वाहत येऊन एका जनावराच्या कुशीचा भाग झाली आहे. त्या घरातील माणसांचे काय झाले, हे वस्तू सांगत नाही. एरवी ज्या पोकळ धडातून पलीकडची हिरवळ दिसते, ते धड येथे कचऱ्याने भरलेले आहे. समुद्रपक्ष्यांची पोटेही आज अशीच प्लॅस्टिकने भरलेली सापडतात, हे आठवल्याशिवाय राहत नाही.

चिखलाच्या घोड्याला झिजून जाण्याची मुभा होती. लाकडाच्या घोड्याला टिकून राहण्यासाठी भट्टीतून जावे लागले, आपली राख करून घ्यावी लागली. या तिसऱ्या घोड्यातील प्लॅस्टिकला कवच, भट्टी, ब्राँझचा रस यांपैकी कशाचीच गरज पडलेली नाही. प्लॅस्टिक जसे सापडले तसेच त्यात आहे, आपल्या मूळ रंगांसह.